मीटर घ्यायचा की गेज? ट्रान्समिशनचे फॉल्ट कोड पहिल्यांदा हाताळणाऱ्यांसाठी

ट्रान्समिशनचा कोड आला की नवीन मेकॅनिकचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कोणता पार्ट मागवू?" यादीत कोडपुढे 'आउटपुट स्पीड सेन्सर' असं छापलेलं असतं. सेन्सर येतो, बसतो, आणि पुढच्याच पाळीला तोच कोड पुन्हा हजर. तोवर लोडर उभा, डंपरची रांग उभी. मुंबईत माल उचलायला बऱ्याच ठिकाणी रात्रीचेच काही तास मिळतात, त्यामुळे एक रात्र गेली की पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. म्हणून आधी वेगळा प्रश्न विचारा: हातात मल्टिमीटर घ्यायचा की प्रेशर गेज? कोड नीट वाचला तर याचं उत्तर त्यातच असतं. हा लेख तेवढ्यासाठीच आहे. आयटीआयमधून मेकॅनिक डिझेल करून नुकतीच साइटवर आलेली मुलं आणि लोखंडात हात बसलेले पण वायरिंगला बिचकणारे मिस्त्री, दोघंही डोळ्यांसमोर आहेत.

आधी कोणत्या मशीनबद्दल बोलतोय ते ठरवू. चेनवाल्या पोकलेनला या अर्थाचा गिअरबॉक्स नसतो, ती हायड्रॉलिक मोटरवर चालते. इथला विषय पॉवरशिफ्ट ट्रान्समिशनचा: व्हील लोडर, मोटर ग्रेडर, मोठे ऑफ-रोड डंपर, न्हावा शेवाला कंटेनर उचलणारे रीच स्टॅकर. आपण ज्याला सरसकट जेसीबी म्हणतो त्या बॅकहो लोडरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये गिअर हाताने पडतात, फक्त फॉरवर्ड-रिव्हर्स सोलेनॉइडवर (विजेवर उघडणाऱ्या-मिटणाऱ्या व्हॉल्व्हवर) असतं. तिथे कोड कमी किंवा नाहीतच, पण खाली दिलेल्या विजेच्या तपासण्या तिथेही जशाच्या तशा लागू पडतात.

पॉवरशिफ्टमध्ये आत क्लचचे अनेक पॅक असतात. कंट्रोलर, म्हणजे ट्रान्समिशनचा कॉम्प्युटर, सोलेनॉइडला करंट देतो, सोलेनॉइड दाबाचं तेल ठराविक क्लचकडे सोडतो, क्लच आवळला की गिअर पडतो. झालं तसंच का, हे कंट्रोलर स्पीड सेन्सरवरून बघतो. म्हणजे बिघाड तीनच ठिकाणी असू शकतो: विजेत, तेलात किंवा लोखंडात. तपासायचं याच क्रमाने, कारण वीज तपासायला मिनिटं लागतात, तेल तपासायला तास, आणि लोखंड तपासायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

आधी गाडी सुरक्षित करा

सपाट जागा, बकेट जमिनीवर टेकलेली, पार्किंग ब्रेक ओढलेला, चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. लोडर मधोमध वळतो, त्या सांध्याचा लॉक बार लावल्याशिवाय आत शिरायचं नाही. इंजिन बंद असलं तरी नाही. इंजिन चालू ठेवून जी तपासणी करायची तेव्हा केबिनमध्ये माहीतगार माणूस बसलेला हवा, आणि तुमच्या इशाऱ्याशिवाय त्याने लिव्हरला हात लावायचा नाही, हे आधी बोलून घ्या. एरवी किल्ली तुमच्या खिशात ठेवा. रात्रपाळीत कुणीतरी "जरा बाजूला घेतो" म्हणून गाडी सुरू करतं, हा धोका खरा आहे.

ऑपरेटरशी बोला, मग मॉनिटर बघा

गाडीजवळ दिवसाचे दहा-बारा तास तोच असतो. मुंबईत तो बहुतेक वेळा हिंदीत सांगेल: "गरम होने के बाद झटका मारता है, सुबह एकदम ठीक." या एका वाक्यात अर्धं निदान आहे. थंडीत ठीक आणि तापल्यावर बिघाड, म्हणजे एक तर तेल पातळ झाल्यावर दाब कुठून तरी निसटतोय, नाही तर तापल्यावर कॉइल किंवा वायर तुटक होतेय. उलट, सकाळी पहिल्या तासात बिघाड आणि ऊन चढल्यावर ठीक असेल तर कनेक्टरमधल्या ओलाव्याचा संशय घ्या.

आणखी चार गोष्टी न चुकता विचारा. आदल्या दिवशी गाडी धुतली का? बॅटरी बदलली किंवा दुसऱ्या गाडीवरून जंप दिला का? बकेटला किंवा चॅसिसला वेल्डिंग झालं का? नवीन जीपीएस, लाइट किंवा कॅमेरा बसवला का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं तर शोध तिथूनच सुरू करा. भाड्याच्या गाड्यांवर जीपीएस बसवणारा माणूस बऱ्याचदा सापडेल ती वायर सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळून जातो. ती टेप पहिल्या पावसात सुटते.

कोड उतरवून घ्या, पुसू नका

मॉनिटरचा फोटो काढा. कोडबरोबर तीन गोष्टी हव्यात: तो आत्ता चालू आहे की जुना साठवलेला, किती वेळा आला, आणि पहिल्यांदा व शेवटी किती तासांच्या मीटर रीडिंगला आला. बऱ्याच मशीनच्या सर्व्हिस मेनूमध्ये हे लॅपटॉप न जोडताही दिसतं.

कोड पुसून "बघू परत येतो का" म्हणायची सवय लावून घेऊ नका. पुसल्यावर ही सगळी नोंद जाते, आणि बिघाड अधूनमधून येणारा असेल तर तो पुन्हा उगवेपर्यंत हातात काहीच उरत नाही.

एकदम पाच-सहा कोड दिसले तर घाबरू नका, उलट काम सोपं झालं असण्याची शक्यता जास्त. तासांच्या क्रमाने लावा, सगळ्यात आधी आलेला कोड वर. मग बघा की या सगळ्यांमध्ये सामाईक काय आहे. एकच फ्यूज? एकच अर्थ (अर्थिंगची वायर)? एकच कनेक्टर? बऱ्याच सेन्सरना कंट्रोलरकडून ५ व्होल्टचा एकच सामाईक पुरवठा असतो. त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की पुरवठाच खाली बसतो आणि बाकीचे चांगले सेन्सरही खोटं बोलायला लागतात. अशा वेळी एकेक सेन्सरचा कनेक्टर काढत जा आणि पुरवठ्यावर मीटर ठेवा. ज्याचा कनेक्टर काढल्यावर ५ व्होल्ट परत उभे राहतात, तो दोषी.

कोडचा शेवटचा आकडा आधी वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

अवजड वाहनांत कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्याची सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे जे-१९३९. त्यात कोडचे दोन भाग असतात. पहिला एसपीएन, म्हणजे तक्रार कशाबद्दल. दुसरा एफएमआय, म्हणजे तक्रार कोणत्या प्रकारची. ट्रान्समिशनशी संबंधित नेहमी भेटणारे एसपीएन असे: १२४ तेलाची पातळी, १२६ फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, १२७ तेलाचा दाब, १७७ तेलाचं तापमान, १६१ इनपुट शाफ्टचा वेग, १९१ आउटपुट शाफ्टचा वेग. याशिवाय १६८ म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज, आणि ६३९ म्हणजे कंट्रोलरमधली संपर्काची लाइन.

नवीन माणूस एसपीएन वाचतो आणि थांबतो. तुम्ही एफएमआयपासून सुरुवात करा.

एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज अपेक्षेपेक्षा जास्त किंवा पुरवठ्याला शॉर्ट. ४ म्हणजे व्होल्टेज कमी किंवा अर्थला शॉर्ट. ५ म्हणजे करंट कमी, बहुतेक वेळा सर्किट तुटलेलं. ६ म्हणजे करंट जास्त किंवा अर्थला लागलेलं. हे चार आले की मल्टिमीटर घ्या, गेजला हात लावायची गरज नाही. कंट्रोलर स्पष्ट सांगतोय की त्याला तेलाबद्दल काहीच कळत नाहीये, कारण मधली वायरच धड नाही. १७७-३ असा कोड आला म्हणून तेल गरम झालं असं समजून कूलर साफ करत बसलेले लोक असतात. तो कोड तापमानाच्या सेन्सरच्या सर्किटचा आहे, तापमानाचा नाही.

एफएमआय ० म्हणजे आकडा खरा आहे आणि धोक्याइतका जास्त आहे. १ म्हणजे खरा आहे आणि धोक्याइतका कमी. १५ आणि १६ ही 'जास्त'ची सौम्य आणि मध्यम पायरी, १७ आणि १८ ही 'कमी'ची. इथे सर्किट शाबूत आहे, तक्रार प्रत्यक्ष तेलाची किंवा तापमानाची आहे. आता गेज आणि थर्मामीटर काढा. ७ म्हणजे यंत्रणेने हुकूम पाळला नाही: कंट्रोलरने क्लच आवळायला सांगितलं, क्लच आवळला नाही. हाही गेजचाच.

२ आणि ८ हे दोन मधल्या गटातले. २ म्हणजे सिग्नल बेभरवशाचा, ८ म्हणजे सिग्नलची फ्रिक्वेन्सी विचित्र. स्पीड सेन्सरवर हे दोन जास्त दिसतात. सुरुवात मीटरने करायची, पण सेन्सर बाहेर काढून त्याचं टोकही बघायचं. ९ आणि १९ संपर्काच्या लाइनचे. १३ म्हणजे कॅलिब्रेशन (कंट्रोलरला शिकवलेली मापं) जुळत नाही. १२ म्हणजे कंट्रोलर किंवा सेन्सर स्वतःच खराब, पण हा कोड आला तरी पुरवठा आणि अर्थ तपासल्याशिवाय महागडा कंट्रोलर मागवू नका.

कॅटरपिलरच्या मशीनवर १७७-३ असे आडव्या रेघेने जोडलेले आकडे दिसतील, मागचा आकडा हाच एफएमआय. तिथे ई अक्षराने सुरू होणारे इव्हेंट कोड वेगळे असतात, ते प्रत्यक्ष परिस्थितीबद्दल बोलतात, म्हणजे गेजच्या बाजूचे. कोमात्सुचे कोड बहुतेक सहा अक्षर-अंकांचे असतात. झेडएफ कंपनीच्या पॉवरशिफ्ट ट्रान्समिशनच्या छोट्या डिस्प्लेवर दोन चिन्हांचा कोड येतो आणि तक्त्यात त्यापुढे 'बॅटरीला शॉर्ट', 'अर्थला शॉर्ट', 'सर्किट तुटलेलं' असं सरळ लिहिलेलं असतं. आकडे कंपनीगणिक बदलतात, पण ही विभागणी सगळीकडे सापडते. त्याच मॉडेलचं, त्याच सीरियल नंबरच्या गटाचं मॅन्युअल समोर ठेवा. शेजारच्या मॉडेलचा तक्ता चालत नाही.

पुरवठा आणि अर्थ: प्रत्येक कोडला आधी हेच

बहुतेक मोठ्या मशीन २४ व्होल्टच्या. दोन बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या, गाडी थोडा वेळ उभी: साधारण २५.२ ते २५.६ व्होल्ट. इंजिन चालू आणि अल्टरनेटर ठीक: साधारण २७.५ ते २८.५. स्टार्ट मारताना व्होल्टेज फार खाली कोसळलं तर कंट्रोलर क्षणभर बंद पडून उठतो आणि असंबद्ध कोड टाकतो. असे कोड दर वेळी स्टार्टच्याच क्षणी आलेले दिसतील. त्यांच्यामागे धावू नका, आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल बघा.

मग कंट्रोलरच्या कनेक्टरवर तेच व्होल्टेज पोचतंय का ते तपासा. इथे एक फसगत आहे. वायरच्या वीस तारांपैकी एकोणीस गंजून तुटल्या तरी उरलेल्या एका तारेतून मीटरवर पूर्ण २४ व्होल्ट दिसतात, कारण मीटर जवळजवळ करंटच ओढत नाही. म्हणून भार टाकून बघायचं. पुरवठ्याच्या आणि अर्थच्या वायरवर २४ व्होल्टचा बल्ब लावा: लख्ख पेटला तर वायर ठीक, मिणमिणला तर वाटेत कुठेतरी अडथळा. हा बल्ब सेन्सरच्या वायरला, संपर्काच्या लाइनला किंवा कंट्रोलरच्या आउटपुट पिनला मात्र कधीही लावू नका, कंट्रोलर जाईल.

अर्थसाठी: मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी कंट्रोलरच्या अर्थ पिनला, किल्ली चालू, जमेल तेवढा भार चालू. अर्ध्या व्होल्टच्या वर फरक दिसला तर अर्थचा सांधा उघडून, घासून, पुन्हा आवळा. मुंबईच्या खाऱ्या हवेत चॅसिसवरच्या अर्थ पट्टीखाली गंज धरतोच. वरून रंग चकचकीत असतो आणि बोल्ट काढल्यावर खाली तपकिरी भुगा निघतो.

कनेक्टर: पावसाळ्यातला खरा गुन्हेगार

या शहरात जून ते सप्टेंबर दोन मीटरच्या वर पाऊस पडतो. उरलेल्या महिन्यांत समुद्राची दमट हवा असते, त्यात आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटवरची सिमेंटची धूळ. अशा गाडीवर मी सेन्सरवर संशय घेण्याआधी त्याच्या कनेक्टरवर घेतो.

किल्ली बंद, बॅटरी कटऑफ बंद (इंजिन बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून, कंट्रोलरना आपली नोंद साठवू द्यायची असते). मग कनेक्टर सोडवा आणि लगेच फुंकर मारू नका. टॉर्च धरून आधी आत बघा. ट्रान्समिशनवरचा कनेक्टर वर तोंड करून असेल तर तळाशी पाण्याचा थेंब बसलेला दिसतो. पिनच्या मुळाशी हिरवट पांढरी पूड असेल तर पाणी आजचं नाही, कित्येक दिवस मुरलेलं आहे. तेल दिसलं तर ते वायरच्या आतून वर चढत आलेलं असू शकतं. सेन्सरच्या आतून गळणारं तेल वायरच्या वेष्टनातून कंट्रोलरपर्यंत पोचतं, तेव्हा तो सेन्सर बदलावाच लागतो. मागच्या बाजूचं रबरी सील जागेवर आहे का, रिकाम्या पिनांच्या जागी बूच आहेत का, एखादी पिन मागे सरकली आहे का, हे सगळं बघा. प्रत्येक वायर बोटांनी हलकेच ओढा. पिनमधून सुटलेली वायर हातात येईल.

कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, गंजलेली पिन पॉलिश पेपरने घासण्यापेक्षा बदला. घासलेल्या पिनचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसात ती दुप्पट वेगाने गंजते. वायरचं वेष्टन सुईने भोसकून व्होल्टेज बघण्याची पद्धत कितीही सोयीची वाटली तरी सोडा. त्या बारीक भोकातून पाणी शिरतं आणि तीन महिन्यांनी तिथेच वायर तुटते. मीटरची बारीक पिन कनेक्टरच्या मागून सीलच्या कडेने सरकवायची.

अधूनमधून येणाऱ्या कोडसाठी किल्ली चालू ठेवून, इंजिन बंद, हार्नेस (वायरींचा जुडगा) थोडाथोडा हलवत जा आणि दुसऱ्याला मॉनिटरवर नजर ठेवायला सांगा. लोडरमध्ये पहिली जागा तो मधला वळणारा सांधा, पण लॉक बार काढून वळवत बघायचं असेल तर सगळे लोक बाहेर उभे. यार्डात उभ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी सीटखाली आणि बेली प्लेटवर (गाडीच्या पोटाखालच्या पत्र्यावर) सापडतात.

धुण्याबद्दल एकच: प्रेशर वॉशरची धार कनेक्टर, कंट्रोलर आणि ट्रान्समिशनच्या ब्रीदरवर (हवा जाण्या-येण्याच्या तोंडावर) नको.

सेन्सर तपासणे

तापमानाच्या दोन वायरींच्या सेन्सरसाठी एक फार उपयोगी युक्ती आहे. समजा १७७-४ आला आहे. सेन्सरचा कनेक्टर काढा, किल्ली चालू करा. कोड १७७-३ झाला तर वायर आणि कंट्रोलर ठीक, सेन्सर आतून शॉर्ट. काढूनही ४ च राहिला तर शॉर्ट वायरमध्ये आहे, सेन्सर मागवू नका. उलट, आधीच ३ असेल तर काढलेल्या कनेक्टरच्या दोन पिना छोट्या वायरने जोडा. कोड ४ झाला तर वायर शाबूत, सेन्सर तुटलेला. ३ च राहिला तर वायर कुठेतरी तुटली आहे. हे फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरवर करायचं. तीन वायरींच्या सेन्सरवर पुरवठा आणि सिग्नल जोडले जाऊन नुकसान होऊ शकतं.

स्पीड सेन्सर दोन जातींचे. दोन वायरींचा चुंबकीय सेन्सर स्वतःच एसी व्होल्टेज तयार करतो, वेगाबरोबर ते वाढतं. त्याचा रोध मोजता येतो, आकडा मॅन्युअलमध्ये असतो. तीन वायरींचा हॉल सेन्सर पुरवठ्यावर चालतो, त्याचा रोध मोजून काहीच कळत नाही. त्याला पुरवठा मिळतो का आणि दात समोरून गेल्यावर सिग्नल वर-खाली होतो का, एवढंच बघायचं.

सेन्सर बाहेर काढल्यावर त्याचं टोक पांढऱ्या कापडावर पुसा. करडी मऊ पेस्ट थोडी असते, ती नेहमीची झीज. नखाला टोचणारे चकचकीत कण किंवा लोखंडाची कपची निघाली तर तो कोड वायरचा राहिला नाही. आतला गिअर किंवा बेअरिंग बोलतंय, गाडी चालवणं थांबवा. परत बसवताना टोक आणि दात यांमधलं अंतर मॅन्युअलप्रमाणे. ते वाढलं की कमी वेगात सिग्नल गायब होतो आणि एफएमआय २ किंवा ८ येतो.

सोलेनॉइड

क्लचचे सोलेनॉइड एकाच ट्रान्समिशनमध्ये बहुधा एकसारखे असतात, आणि ही तुमची मोठी सोय आहे. मॅन्युअल हाताशी नसलं तरी सगळ्यांचा रोध मोजा. चार जण जवळपास एकच आकडा दाखवतात आणि पाचवा वेगळा, तर दुसरं काही विचारायची गरज नाही. कॉइल थंड आणि गरम दोन्ही स्थितींत मोजा, तापल्यावर तांब्याचा रोध वाढतोच, पण सगळ्यांचा सारखा वाढायला हवा. प्रत्येक पिन ते सोलेनॉइडची बॉडी असंही मोजा, तिथे संपर्क दिसता कामा नये.

शेजारच्या दोन सोलेनॉइडचे कनेक्टर अदलाबदल करून कोड दुसऱ्यावर जातो का बघण्याची पद्धत चांगली आहे, एका अटीवर: इंजिन बंद, फक्त किल्ली चालू. कनेक्टर उलटे असताना इंजिन सुरू केलंत तर चुकीचे क्लच एकाच वेळी आवळले जाऊ शकतात आणि गाडी अनपेक्षित दिशेला उडी मारू शकते.

संपर्काची लाइन

अनेक कंट्रोलर एकाच वेळी "अमुक दिसत नाही" अशी तक्रार करत असतील तर ज्याच्याबद्दल सगळे बोलतायत त्याचा फ्यूज, पुरवठा आणि अर्थ आधी बघा. मग बॅटरी कटऑफ बंद करून दोन संपर्क वायरींमधला रोध मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून ६० च्या आसपास हवा. १२० दिसला तर एक रेझिस्टर किंवा एक बाजू तुटलेली. ४० दिसला तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर जोडलाय, शून्याजवळ असेल तर दोन्ही वायरी एकमेकींना लागल्यात. लॅपटॉप जोडायच्या नऊ पिनच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये या वायरी कोणत्या पिनांवर आहेत ते सगळ्या कंपन्यांत सारखं नसतं. आकृती बघूनच मीटर लावा.

आता तेल आणि गेज

एफएमआयने इकडे पाठवलं असेल तर पहिलं डिपस्टिक. पातळी कशी बघायची, इंजिन चालू की बंद, तेल गरम की थंड, हे स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. बऱ्याच पॉवरशिफ्टमध्ये इंजिन आयडलला, न्यूट्रलमध्ये, तेल गरम असताना बघतात. बंद गाडीवर बघून भरलं तर पातळी चुकते. तेल जास्त झालं तरी फेस येऊन तापतं. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट आहे. गाडी सुरू करू नका, कागदी अस्तराच्या क्लच प्लेटचा गोंद पाण्याने सुटतो. जळका वास आणि काळपटपणा म्हणजे क्लच घसरून जळालेला.

फिल्टर कापून कागद पसरवा. लोखंडी कण चुंबकाला चिकटतात: गिअर, बेअरिंग. पिवळसर चमक: बुश किंवा सिंटर्ड ब्राँझच्या क्लच प्लेट. चुंबकाला न चिकटणारी पांढरी चमक म्हणजे ॲल्युमिनियम, टॉर्क कन्व्हर्टरकडे (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाकडे) बघा. काळा तंतुमय चुरा: क्लचचं अस्तर.

मग टेस्ट पोर्टला (दाब मोजायला ठेवलेल्या बूच लावलेल्या भोकाला) गेज. गेजची क्षमता मॅन्युअलमधल्या दाबापेक्षा बरीच वरची हवी आणि होज केबिनपर्यंत पोचेल इतका लांब. आकडे वाचायचे ते असे. मुख्य दाब सगळ्या गिअरमध्ये कमी असेल तर बिघाड सामाईक आहे: सक्शनची जाळी चोंदलेली, पंप झिजलेला, मुख्य रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) अडकलेला. एकाच क्लचला दाब कमी आणि बाकी सगळे ठीक, म्हणजे त्या क्लचचं सील किंवा त्याचा व्हॉल्व्ह. थंडीत पुरेसा आणि तापल्यावर घसरणारा दाब, म्हणजे सील किंवा पंपातून आतल्या आत गळती. म्हणून थंड आणि गरम, दोन्ही आकडे लिहा.

घसरणीचा कोड आला तर कंट्रोलरने काय गणित केलं ते स्वतः करा. गिअरचं गुणोत्तर २ असेल आणि टॉर्क कन्व्हर्टरनंतरचा शाफ्ट मिनिटाला १६०० फेरे घेत असेल तर आउटपुट ८०० हवा. तो ६५० दिसतोय आणि स्पीड सेन्सर आधीच तपासून ठीक ठरलाय, तर क्लच खरोखर घसरतोय. दाबही बरोबर असेल तर आता, आणि आताच, गिअरबॉक्स उतरवायची भाषा करा.

तापमानाच्या खऱ्या कोडसाठी कूलरची जाळी आतून बाहेर हवेने साफ करा. सिमेंटची धूळ दमट हवेत जाळीवर घट्ट बसते, कचराभूमीवर काम करणाऱ्या गाडीत प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात. टॉर्क कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारं तेल साधारण ८० ते ११० अंशांत राहतं, १२० ओलांडलं तर थांबायचं. ऑपरेटर वरच्या गिअरमध्ये ढिगात बकेट घुसवून ॲक्सिलरेटर दाबून धरतो का, तेही उभं राहून बघा. तेव्हा चाकं थांबलेली आणि कन्व्हर्टर तेल घुसळत असतो, सगळी शक्ती उष्णतेत जाते.

दुरुस्तीनंतर

आता कोड पुसा. ज्या परिस्थितीत आला होता तीच परत तयार करा: तापल्यावर येत होता तर तापेपर्यंत चालवा, रिव्हर्सला येत होता तर भरल्या बकेटने रिव्हर्स घ्या. क्लचचा व्हॉल्व्ह, कंट्रोलर किंवा क्लच बदलला असेल तर क्लच भरण्याच्या वेळेचं कॅलिब्रेशन करावं लागतं, तेलाचं तापमान मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या पट्ट्यात असतानाच. ते न केल्यास नवीन पार्ट असूनही झटके येतात.

हत्यारांसाठी: चांगला मल्टिमीटर आणि मागून घालायच्या बारीक पिना लॅमिंग्टन रोडला मिळतात, गेज, होज आणि फिटिंग नागदेवी स्ट्रीटला. टेस्ट पोर्टचा आटा मोजून किंवा जुनं बूच बरोबर घेऊनच जा.

आणि कंपनीच्या इंजिनिअरला बोलवायची वेळ आली तर फोनआधी एक मेसेज पाठवा: मॉडेल आणि सीरियल नंबर, तासांचं मीटर, मॉनिटरचा फोटो, ऑपरेटरने सांगितलेलं वाक्य त्याच्याच शब्दांत, बॅटरीचं व्होल्टेज बंद आणि चालू, मोजलेले सगळे रोध, दाब थंड आणि गरम, फिल्टरच्या कागदाचा उजेडात काढलेला फोटो. एवढं असलं की तो निघतानाच योग्य पार्ट आणि योग्य लॅपटॉप घेऊन निघतो.